किनाऱ्यावर भिंत बांधू कोणी दिली आणि का? (कोचीचा राजा, पोर्तुगीज आणि आपला किनारा)

खाडीकाठ (धागाकर्ता)

पोर्तुगीज, डच, इंग्रज यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: आपले राजे आपापसांत भांडत बसले आणि परक्यांचं फावलं. वाक्य खोटं नाही, पण त्या राजांना नेमकं काय हवं होतं ते त्यातून काहीच कळत नाही. सगळे बावळट होते असं धरून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. म्हणून कोचीच्या राजाची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण हिंदुस्थानातला युरोपीयांचा पहिला किल्ला त्याच्या परवानगीने उभा राहिला.

१३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला. कोडुंगल्लूरचं पुरातन बंदर गाळाने भरलं आणि दक्षिणेला कोचीचं मुख मोकळं झालं. बंदर उत्तम, पाठीशी मिरीचा मुलूख, पण राजा दुबळा. उत्तरेला कोझिकोडचा सामुतिरी, म्हणजे आपण ज्याला झामोरीन म्हणतो तो. अरबांची गलबतं त्याच्याकडे लागायची, जकात त्याच्या तिजोरीत जायची. कोचीच्या घराण्यात वारसावरून तंटे होते आणि सामुतिरी त्यात बिनदिक्कत हात घालायचा. त्या काळच्या पोर्तुगीज नोंदींत आहे की कोचीच्या राजाला स्वतःचं नाणं पाडायची मुभा नव्हती आणि स्वतःच्या वाड्यावर कौलंही घालता येत नव्हती. राजा म्हणवून घ्यायचं आणि डोक्यावर कौलारू छप्पर नाही! हा सल ज्याच्या मनात आहे, त्याच्या दारात १५०० साली तोफा लावलेली जहाजं येऊन उभी राहतात.

त्याआधी १४९८ मध्ये वास्को द गामा कोझिकोडला येऊन गेला होता. त्याने सामुतिरीसाठी काढलेला नजराणा बघा: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची बारा ठाणं, चार लाल टोपडी, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, दोन बुधले तेल आणि दोन बुधले मध. दरबारचे कारभारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. सामुतिरीला या पाहुण्यांची गरजच नव्हती, हे त्या हसण्यात दिसतं.

१५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज कप्तान आला. कोझिकोडला वखार मिळाली, पण अरब व्यापाऱ्यांशी बिनसलं, डिसेंबरात वखारीवर हल्ला झाला आणि पन्नासच्या आसपास पोर्तुगीज मारले गेले. काब्रालने बंदरातली अरबांची जहाजं लुटून जाळली, शहरावर तोफा डागल्या आणि २४ डिसेंबरला तो कोचीला पोचला. राजा उण्णी गोद वर्मा याने त्याला मिरी भरून दिली. पुढे सामुतिरीचं आरमार दिसताच काब्रालने घाईने नांगर उचलला. आपली काही माणसं कोचीच्या किनाऱ्यावर राहिली आणि ओलीस म्हणून आलेले कोचीचे नायर, म्हणजे तिथले लढवय्ये, जहाजावरच राहिले, याचीही त्याने पर्वा केली नाही. मैत्रीची सुरुवात ही अशी. तरी राजाने मागे राहिलेल्या माणसांना नीट सांभाळलं.

१५०३ मध्ये सामुतिरी चालून आला. मागणी एकच: फिरंगी माझ्या ताब्यात दे. राजाने नकार दिला. त्याचेच काही सरदार फुटले, इडप्पळ्ळीचा धनी तर उघड शत्रूला मिळाला. मलबारात गादी भाच्याकडे जाते. राजाचा भाचा आणि वारस नारायण लढाईत पडला. कोची जळली. राजा वैपीन बेटावरच्या देवळाच्या आश्रयाला गेला, तिथेही फिरंग्यांना बरोबर घेऊन, आणि तिथूनही त्याने ते दिले नाहीत. हा माणूस बावळट नव्हता. आश्रयाला आलेल्याला सोडायचं नाही हा त्याचा धर्म होता, आणि एवढं सगळं पणाला लावल्यावर माघार घेतली तर हाती काहीच उरणार नाही हा हिशेबही होता.

पावसाळा आला आणि सामुतिरीचं सैन्य मागे सरलं. सप्टेंबरात पोर्तुगालहून आरमार आलं, राजाला पुन्हा गादीवर बसवलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पोर्तुगीजांनी मोबदला मागितला: खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायची जागा. राजाने जागा दिली, लाकूड दिलं, माणसं दिली. माडांचे सोट दोन रांगांत रोवले, लोखंडी पट्ट्यांनी आवळले, मधे माती ठासली. त्याला नाव दिलं किल्ला मानुएल, पोर्तुगालच्या राजाचं. पुढच्या वर्षी, १५०४ मध्ये, दुआर्ते पाशेकू नावाच्या कप्तानाने दीडशेच्या आसपास पोर्तुगीज आणि कोचीचे थोडे नायर घेऊन सामुतिरीचं प्रचंड सैन्य खाडीच्या उतारांवर चार महिने रोखून धरलं. म्हणजे मदत खोटी नव्हती. राजाला जे हवं होतं ते मिळालं.

१५०५ मध्ये अल्मेइदा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला आणि येताना या राजासाठी सोन्याचा मुकुट घेऊन आला. वाड्यावर कौलं घालायला मनाई असलेल्या राजाला! आणि तिथून पुढे, १५३० मध्ये गोव्याला हलेपर्यंत, पोर्तुगीजांचं सगळं पूर्वेकडचं राज्य कोचीच्या किल्ल्यातून चाललं. मिरीचा भाव गामाच्या दुसऱ्या फेरीत ठरला होता, तो बाजार चढला तरी तिथेच गोठवून ठेवला. शेवटी मिरीवाले बैलांवर माल लादून घाट ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे नेऊ लागले.

माझं म्हणणं एवढंच की मैत्रीचा करार करण्यात चूक नव्हती. शेजाऱ्याविरुद्ध मदत घेणं हे त्या काळचं रोजचं राजकारण होतं. चूक होती ती एका कलमात, भिंतीच्या परवानगीत. वखार उठवता येते, जकात वाढवता येते, व्यापाऱ्याला बंदरातून हाकलता येतं. एकदा बंदराच्या तोंडाशी तटबंदी आणि तोफा आल्या की यजमान कोण आणि पाहुणा कोण ते उलटून जातं. आपल्या किनाऱ्यावरही हेच पुन्हा पुन्हा झालं. जाणकारांनी भर घालावी, मतभेद असतील तर जरूर मांडावेत.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण मुद्दा अर्धाच पटला. भिंतीला तुम्ही फार श्रेय देताय. खरी ताकद जहाजावरच्या तोफांत होती. १५०० आणि १५०२ मध्ये कोझिकोडवर तोफा डागल्या तेव्हा पोर्तुगीजांकडे इथे एकही भिंत नव्हती. आणि कार्ताझ विसरू नका. समुद्रात फिरायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. पुढे खुद्द मुघल बादशहाच्या हाजच्या जहाजांनाही तो घ्यावा लागला. परवाना मोडला तर पकडायला येतात ती जहाजं. भिंत जागची हलत नाही.

उलट नुसत्या भिंतीने काय होतं ते कोझिकोडलाच बघा. १५१३ च्या तहानंतर पोर्तुगीजांनी तिथेही किल्ला बांधला. १५२५ मध्ये सामुतिरीने तो असा वेढला की पोर्तुगीजांना तो स्वतःच सुरुंग लावून सोडून जावा लागला. मग चालियमला १५३१ मध्ये नवा बांधला, तोही १५७१ मध्ये सामुतिरीने घेतला आणि पाडला.

खाडीकाठ

दर्यावर्दी, ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत असं मला वाटतं. सामुतिरीने दोन्ही किल्ले उठवल्याशिवाय दम घेतला नाही, कारण भिंत राहिली तर आपण राहत नाही हे त्याला कळलं होतं. जहाजं वारा पडला की जातात. चार महिने पावसाळ्यात या किनाऱ्यावर कुठलंच आरमार टिकत नाही. १५०३ च्या पावसाळ्यात कोचीचा राजा एकटा होता, १५०४ च्या पावसाळ्यात नव्हता. फरक पडला तो त्या माडाच्या सोटांनी. जहाज आणि भिंत एकमेकांवर जगतात हे मान्य, पण जहाज यायला राजाची परवानगी लागत नाही, भिंतीला लागते. राजाच्या हातात जेवढं होतं तेवढ्याबद्दल मी बोलतोय.

कुंडलिकातीर

वा! आमच्या भागाचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. चौल-रेवदंडा. १५०८ मध्ये याच खाडीत मिसरच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार एकत्र आलं आणि व्हाइसरॉय अल्मेइदाचा मुलगा लॉरेन्सो इथे मारला गेला. असं असूनही १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. कारण? घोडे. दख्खनच्या सगळ्या शाह्यांना अरबी आणि इराणी घोडे हवे होते, ते समुद्रातून यायचे आणि समुद्र पोर्तुगीजांच्या हातात. गोव्याला उतरलेले घोडे विजापूरच्या किंवा विजयनगरच्या हाती पडणार, मग नगरला आपलं बंदर हवंच. शेजाऱ्याचा धाक, तुमच्या कोचीसारखाच.

पुढे ५० वर्षांनी, १५७०-७१ मध्ये, त्याच घराण्याचा मुर्तझा निजामशहा तोच रेवदंडा घ्यायला मोठी फौज घेऊन आला. त्याच वेळी अली आदिलशहाने गोवा वेढला होता आणि सामुतिरीने चालियम. तिघांनी मिळून एकाच हंगामात केलेला हा प्रयत्न आपल्याला शाळेत का शिकवत नाहीत ते कळत नाही. राजे कायम भांडतच बसले म्हणणाऱ्यांनी हे वर्ष वाचावं. गोवा पडला नाही, चौल पडलं नाही, चालियम तेवढं पडलं. चौलला वेढा महिनोन्‌महिने चालला, पण समुद्राकडून दाणागोटा आणि माणसं येत राहिली.

रेवदंड्याला गेलात तर तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रस्ता सरळ तटाच्या दरवाजातून जातो. समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. तो किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या कोर्लई गावात ख्रिस्ती घरांतून अजून पोर्तुगीजातून निघालेली बोली बोलतात, आणि तीच माणसं बाजारात आली की चोख मराठी.

साष्टीकर

मग वसईही आलीच. गुजरातच्या बहादूरशहाच्या मागे हुमायून लागला होता. आपल्या पाठीवर पोर्तुगीज नकोत म्हणून १५३४ च्या डिसेंबरात त्याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं तहात देऊन टाकली. पुढच्या वर्षी हुमायूनने पुरतं पळवल्यावर दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. हुमायून परत फिरला तेव्हा याला परवानगीचा पश्चात्ताप झाला. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांच्या भेटीला गेला असताना झटापट झाली आणि तो मारला गेला.

आज आपण ज्याला मुंबई म्हणतो ती एका हुमायूनच्या स्वारीपायी गुजरातच्या सुलतानाच्या हातून गेली, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. वसई परत घ्यायला १७३९ साल उजाडावं लागलं. चिमाजी अप्पांनी ती घेतली तेव्हा आपली किती माणसं तटाखाली पडली हे या मंचावर वेगळं सांगायला नको.

मिरासदार_०७

धागाकर्त्यांचा सूर राजांबद्दल फारच सहानुभूतीचा वाटला. तिमोजाचं काय? गोवा कोणी दिला? पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क तर तांबड्या समुद्राकडे निघाला होता. होन्नावरच्या या माणसाने त्याला येऊन सांगितलं की गोव्यात फौज नाही, आत्ताच चला. याला फितुरी नाही तर काय म्हणायचं?

मांडवीकर

मिरासदार, फितूर म्हणजे आपल्या धन्याला सोडून शत्रूला मिळालेला. गोवा तेव्हा विजापूरकरांचा, आणि तिमोजा कधीच विजापूरचा चाकर नव्हता. तो होन्नावरचा, विजयनगरच्या बाजूचा दर्यावर्दी. १४७२ मध्ये महमूद गवानने गोवा विजयनगरकडून बहमनींसाठी जिंकला, तेव्हापासून घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळवायची ओढाताण सुरू झाली. होन्नावर, भटकळ इथल्या लोकांचं पोट त्यावर होतं. त्याच्या डोळ्यांसमोर गोवा परत घ्यायचा होता आणि त्यासाठी हाताशी आलेली तोफ म्हणजे अल्बुकर्क.

१५१० च्या सुरुवातीला पहिल्यांदा गोवा घेतला तेव्हा फारशी लढाई झालीच नाही. मे महिन्यात विजापूरची फौज उतरली, पोर्तुगीज शहर सोडून जहाजांवर गेले, पण पावसाने खाडीचं तोंड बंद. सगळा पावसाळा ते मांडवीत अडकून पडले, किनाऱ्यावरून तोफांचा मारा, अन्नाचे हाल. मग २५ नोव्हेंबरला पुन्हा हल्ला करून शहर घेतलं आणि तिथल्या मुसलमान वस्तीची जी कत्तल केली ती अल्बुकर्कने आपल्या राजाला अभिमानाने लिहून कळवली. तिमोजाला वाटलं होतं गोवा आपल्याला मिळेल, आपण फिरंग्यांना खंडणी देत राहू. मिळालं काय, तर महसूल गोळा करायचं काम. आणि पुढच्याच वर्षी तेही काढून होन्नावरच्या राजघराण्यातल्या मल्हाररावाला दिलं. आम्हा गोंयकारांना पुढची साडेचारशे वर्षं त्याचा जाच झाला म्हणून राग येतो, तो मलाही येतो. पण १५१० मध्ये पुढची साडेचारशे वर्षं कोणालाच दिसत नव्हती.

मिरासदार_०७

धन्याचा मुद्दा मान्य. तरी परक्याच्या तोफेवर आपलं घर परत मिळवायला निघालेल्या माणसाला मी मोठा म्हणणार नाही.

अनुजा_मट्टनचेरी

मी लग्नानंतर कोचीत आले आणि इथलीच झाले, म्हणून थोडं आतलं लिहिते. खाडीकाठ दादा, तुमच्या लेखात राजा किल्ला दिल्यावर बाहुलं झाला असं वाटतं. इथे राहून मला तसं वाटत नाही.

१५१३ मध्ये अल्बुकर्कने सामुतिरीशी तह करायचं ठरवलं तेव्हा कोचीच्या राजाने थेट पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली. तुमच्यासाठी आम्ही एवढं सोसलं आणि आता तुम्ही आमच्या वैऱ्याशी हात मिळवणार, असा त्याचा रोख होता. बाहुलं अशी पत्रं लिहीत नाही. तह झालाच, ही गोष्ट निराळी.

दुसरं म्हणजे, पोर्तुगीजांनी ज्यांना छळलं त्यांना याच राजघराण्याने दारात जागा दिली. गोव्यात देवळं पाडली गेली, बाटवाबाटवी सुरू झाली, तेव्हा कोकणी बोलणारी सारस्वत कुटुंबं दक्षिणेला निघाली. त्यातली कितीतरी इथे स्थिरावली. चेरळाईतलं तिरुमल देवस्वम हे त्यांचं मोठं देऊळ आजही गजबजलेलं असतं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते. कोडुंगल्लूरहून हुसकलेल्या ज्यूंनाही राजाने वाड्याला लागून जागा दिली. १५६८ चं त्यांचं प्रार्थनास्थळ आणि राजवाड्याचं देऊळ यांच्यात एक भिंत आहे फक्त. तो वाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला भेट दिलेला. डचांनी डागडुजी केली म्हणून लोक आता त्याला डच पॅलेस म्हणतात. म्हणजे किल्ल्यात फिरंगी, आणि हाकेच्या अंतरावर राजाच्या छायेत फिरंग्यांपासून पळून आलेले लोक.

तिसरी गोष्ट खास मराठी वाचकांसाठी. डचांचा इथला प्रमुख व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची साक्ष त्या खंडात त्यांच्याच अक्षरात छापली आहे, कोकणी भाषा आणि नागरी लिपी. आपली नागरी अक्षरं युरोपात छापली गेली त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांतला हा एक. त्याचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मी बराच वेळ ती अक्षरं लावत बसले होते.

खाडीकाठ

अनुजाताई, तुमच्या प्रतिसादाने धागा श्रीमंत झाला. राजा बाहुलं नव्हता हे पूर्ण मान्य. माझं दुखणं एवढंच की १५०३ नंतर तो तक्रार करू शकत होता, अडवू शकत नव्हता.

मोडीवाला

सगळा धागा वाचून रामचंद्रपंत अमात्यांची आठवण आली नाही तर नवल. १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात सावकारांवरच्या प्रकरणात टोपीकरांबद्दल स्वतंत्र मजकूर आहे. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हे दिसायला सावकार, पण इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, आणि हातात आलेली जागा ते मेले तरी सोडत नाहीत, असं अमात्य सांगतात. म्हणून त्यांना यायला-जायला मोकळीक द्यावी, पण जागा देऊ नये. वखारीला जागा द्यायचीच वेळ आली तर समुद्रकिनारी किंवा खाडीवर तर मुळीच नको, चार-आठ कोस आत, मोठ्या गावांच्या दाबाखाली, सखल जागी. पक्की इमारत बांधू देऊ नये. खाडीकाठांनी जो मुद्दा मांडला तो अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी राज्याचा नियम म्हणून लिहून ठेवला आहे.

ही समज आली ती अनुभवातून. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा नेऊन दिल्या आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. पण संबंध तोडले नाहीत. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला, तेव्हा तह झाला: राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी आणि अडीच टक्के जकात. इंग्रजांचं नाणं आपल्या मुलखात चालवायचं कलम मात्र महाराजांनी मानलं नाही. आणि महाराजांनाही शेजाऱ्याशी भांडण होतंच, जंजिऱ्याचा सिद्दी. त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत त्यांनी मागितली होती, इंग्रज तटस्थतेचं कारण सांगून अंग काढून घेत राहिले. मग महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर स्वतः तट बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं पाठवली, सिद्दी आला, लढाया झाल्या, पण खांदेरी हटली नाही. किनाऱ्यावरच्या भिंतीची किंमत ओळखून ती परक्यांच्या नाकासमोर आपण उभी करायची, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

आणि म्हणूनच १७५५-५६ चं दुःख जास्त. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखात त्याचा उपद्रव होता, हे खरं. रामाजी महादेव यांच्यामार्फत मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. कमोडोर जेम्सने एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आले. खाडीत आंग्र्यांचं आरमार एकाला एक बांधून उभं होतं, एका जहाजाला आग लागली आणि सगळं पेटलं. कान्होजींनी उभं केलेलं, १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले तरी कुलाब्याला न हरलेलं आरमार, असं संपलं. किल्ल्यात सापडलेली दहा लाखांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, आणि करारात ठरलेला किल्लाही लगेच दिला नाही. ऑक्टोबरच्या तहानंतर विजयदुर्ग मराठ्यांना मिळाला आणि सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांच्या हाती गेलं. त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. समुद्रकिनारा, खाडीचं तोंड, तटबंदी. अमात्यांनी जे जे नको म्हटलं होतं ते सगळं एका ठिकाणी. आज्ञापत्राला जेमतेम ४० वर्षं झाली होती.

दर्यावर्दी

मोडीवाला, विजयदुर्गाला पेटलेली जहाजंच होती, भिंत नव्हे. ती गेली आणि किनारा गेला. माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही.

मोडीवाला

सोडूही नका. आरमार गेलं हे मोठं नुकसान, यात दुमत नाही.

नवीन_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. या सगळ्यात सामुतिरी एकटाच शेवटपर्यंत ठाम दिसतो. त्याने कधीच युरोपीयांची मदत घेतली नाही का? आणि केरळात कोणीच यांना हरवलं नाही?

खाडीकाठ

प्रश्न मुळीच बाळबोध नाही.

आधी दुसऱ्याचं उत्तर. त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने १७४१ मध्ये कोलाचेलला डचांना हरवलं. पकडलेल्यांपैकी दे लानॉय या अधिकाऱ्याला आपल्या नोकरीत घेतलं आणि त्याच्याकडून फौज कवायती करून घेतली. म्हणजे त्याने युरोपीय ज्ञान घेतलं, पण चाकर म्हणून, दोस्त म्हणून नव्हे.

सामुतिरीचं मात्र वाचवत नाही. शंभर वर्षं त्याच्या वतीने समुद्रावर पोर्तुगीजांशी लढले ते कुंजाली मरक्कार, एकामागोमाग चार. चौथ्या कुंजालीची ताकद इतकी वाढली की सामुतिरीलाच त्याची भीती वाटू लागली. मग त्याने पोर्तुगीजांशीच हात मिळवला. १६०० मध्ये जमिनीवरून सामुतिरी आणि समुद्रातून पोर्तुगीज, असा कुंजालीच्या कोट्टक्कल किल्ल्याला वेढा पडला. कुंजाली आपल्या राजाला शरण आला आणि तिथेच पोर्तुगीजांनी झडप घालून त्याला पकडलं. गोव्याला नेऊन मारलं. ज्या घराण्याने एवढं रक्त सांडलं त्याचा हा शेवट, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वात जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

चारच वर्षांनी, ११ नोव्हेंबर १६०४ ला, त्याच सामुतिरीच्या घराण्याने डच अधिकारी व्हान डर हागेनशी पोर्तुगीजांना हाकलण्याचा तह केला. हिंदुस्थानातल्या राजाशी डचांचा हा पहिला तह. प्रत्यक्ष कोची पडायला १६६३ उजाडलं. त्या वेळी कोचीच्या घराण्यातलाच एक दुखावलेला वारस डचांकडे गेला होता आणि सामुतिरीही डचांच्या बाजूने उतरला होता. पोर्तुगीज गेले, डचांनी आपल्या मर्जीतल्या वारसाला गादीवर बसवलं, आणि सामुतिरीच्या हाती आश्वासनांपलीकडे फारसं काही लागलं नाही.

नवीन_वाचक

म्हणजे पोर्तुगीजांच्या जागी डच, एवढंच? सामुतिरी पुढे गप्प बसला?

खाडीकाठ

नाही बसला. चेट्टुवाच्या खाडीवर डचांनी किल्ला बांधायला घेतला तेव्हा, १७१५ च्या सुरुवातीला, त्याच्या माणसांनी काम अर्धवट असतानाच छापा घालून तो घेतला. दोन वर्षं लढाई चालली, शेवटी १७१७ मध्ये डचांनी जागा परत मिळवली आणि किल्ला पुरा केला.